पुन्हा तेच जपान

जपानहून परतलेला कोणताही नातेवाईक आमच्या दादरच्या घरी चहाला आला की तिथल्या संडासातल्या बटणांची फजिती सांगितल्याशिवाय उठत नाही. दर वेळी चुकीचे बटण दाबले जाते, फवारा अंगावर येतो आणि सांगणाराच सर्वांत आधी हसतो. गेल्या रविवारी मेहुण्यांनी त्यात भर घातली: टोकियोत कचराकुंडीच सापडेना, म्हणून चिवड्याची रिकामी पिशवी दिवसभर खिशात घेऊन फिरावे लागले, ‘काय विचित्र लोक आहेत!’ १९९५ साली तिथल्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाल्यावर सार्वजनिक जागांतल्या कितीतरी कुंड्या हटवल्या गेल्या, हे मी सांगू लागलो, तर ‘तू गेला आहेस का?’ असा प्रश्न आला. गेलेलो नाही, हे मान्य. परंतु सहलीत बरोबर नेलेल्या महाराजांच्या हातचा वरणभात दोन्ही वेळ जेवलेल्या माणसाने मला जपानी संस्कृती समजावावी, आणि बशीतला चहा फुर्रकन ओढता ओढता, तिथले लोक नूडल्स खाताना आवाज करतात म्हणून नाक मुरडावे, हे आता सहन होत नाही. पुढच्या महिन्यात मावशी निघाली आहे, तीही जपानलाच.