दुकानातली स्पर्धा आणि आतली स्पर्धा : निफाडच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायचं नाही असं ठरवलं. 'टॅबलेट घेताना आधी अपडेटची मुदत विचारा, मग किंमत' असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं : नाशिकला एम.जी. रोडवर एकेका दुकानात सात-आठ कंपन्यांचे टॅबलेट मांडलेले असतात, भाव उतरलेत, याहून वेगळी स्पर्धा ती काय? वेबओएस आणि ब्लॅकबेरीच्या टॅबलेट-सिस्टिम बुडाल्या त्याचं सुतक आपण कशाला पाळायचं? आणि अपडेट ही ॲपलवाल्यांची चैन आहे, शेतकऱ्याला त्याचं काय?

भाव उतरले हे अगदी खरं. पण आयपॅड बाजूला ठेवला, तर त्या सात-आठ खोक्यांत बहुतेक ठिकाणी गुगलचं अँड्रॉइडच आहे, म्हणजे आतून टॅबलेट चालवणारी सिस्टिम एकच. तुम्ही द्राक्षपट्ट्यातले, थॉमसन आणि सोनाकाचे बाग रोज बघता. वर जाती वेगळ्या, खाली खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात तो, बहुधा डॉगरिजचाच. मांडवावरच्या घडांकडे बघून खुंट कळत नाही, आणि माझा लेख खुंटाबद्दल होता.

हे असं व्हायलाच हवं होतं असं नाही. २०१० मध्ये आयपॅड आला, आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत चार-पाच वेगळ्या सिस्टिम मैदानात उतरल्या. एचपीनं पाम ही कंपनी विकत घेऊन तिच्या वेबओएसवर टचपॅड हा टॅबलेट काढला. जुलै २०११ मध्ये तो विक्रीला आला आणि ऑगस्टमध्ये कंपनीनं तो बंदही केला. उरलेला माल ९९ डॉलरला काढला. ब्लॅकबेरीचा प्लेबुक त्याच वर्षी आला, पण ज्या कंपनीचं नाव ईमेलवर उभं होतं तिच्या टॅबलेटमध्ये सुरुवातीला स्वतःचं ईमेल ॲपच नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस आरटीवर विंडोजचे जुने प्रोग्रॅम चालत नव्हते. २०१३ मध्ये कंपनीनं त्यापायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. तिघांकडेही पैसा होता, कारागीर होते. ॲप बनवणारे मात्र आले नाहीत, कारण गिऱ्हाईक नव्हतं. आणि ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईक फिरकलं नाही. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. वेबओएसमध्ये उघडी ॲप पत्त्यांसारखी सरकवायची, नको ते वर ढकलून द्यायचं, ही पद्धत आज सगळीकडे दिसते. ती ज्यांनी आणली ते मैदानात नाहीत.

पुढे गुगलनं कुंपणही घातलं. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. प्ले स्टोअर हवं तर गुगलच्या ॲपचा अख्खा गठ्ठा आधीच भरून द्यायचा, अशी निर्मात्यांवरची अट हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. म्हणजे ही तक्रार माझ्या एकट्याची नाही.

आता अपडेटचं, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गुगलकडून निघते, चिप बनवणारा ती आपल्या चिपला जुळवतो, मग टॅबलेटवाला आपल्या मॉडेलला. मधल्यानं जुन्या चिपकडे पाठ फिरवली की टॅबलेटवाल्याच्या मनात असूनही फार काही होत नाही. स्वस्त मॉडेलात कात्री सर्वांत आधी इथे लागते, कारण स्क्रीन दुकानात दिसते, अपडेट दिसत नाही. याची झळ पैसेवाल्याला लागत नाही, तो दोन वर्षांनी नवा घेतो. ज्याला एकच टॅबलेट पाच-सहा वर्षं पुरवायचा आहे, त्याला लागते. गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत मुलं ज्या टॅबलेटवर एमपीएससीच्या नोट्स वाचतात, त्यांचं हेच. काच शाबूत, बॅटरी बरी, आणि सिस्टिम जुनी म्हणून बँकेचं ॲप उघडेना.

सरकारनं विद्यार्थ्यांसाठी काढलेला स्वस्त टॅबलेट, आकाश, आठवतोय ना? ५ ऑक्टोबर २०११ ला त्याचं अनावरण झालं. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता, आणि त्या किमतीचं किती कौतुक झालं! पण आत अँड्रॉइड २.२ होतं, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम. टॅबलेटसाठी म्हणून बनवलेलं अँड्रॉइड ३.० त्याच वर्षी फेब्रुवारीत येऊन गेलं होतं. फक्त किमतीवर लढलं की काय हाती येतं, ते गरीब घरच्या विद्यार्थ्यांनी बघितलं.

ॲपलवाला म्हणालात, तर एवढंच : ऑक्टोबर २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ मध्ये आयपॅडओएस १५ मिळालं. अँड्रॉइडच्या बाजूला २०२३ च्या ऑक्टोबरात गुगलनं आपल्या पिक्सेल ८ फोनसाठी सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं आणि तीनच महिन्यांत सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ साठी तेच दिलं. ही स्पर्धा मला हवी आहे. ती सुरुवातीला महागड्या फोनांपुरती होती, आणि एम.जी. रोडवरच्या दहा-बारा हजारांच्या प्रत्येक टॅबलेटपर्यंत ती गिऱ्हाईक विचारत नाही तोवर पोचणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, नातीसाठी कोणता घेऊ. दुकानदाराकडून मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि त्याला सिक्युरिटी अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. साल कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते मॉडेल सोडा. दोन-तीन नावं इथे कळवलीत तर मीही बघून सांगतो.