‘एका वॉशरसाठी सहा दिवस’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

साहेब, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. एक तारा दिलाय. ‘सोमवारी सकाळी गाडी दिली, संध्याकाळी नेता येईल म्हणाले, मिळाली शनिवारी. एका साध्या तांब्याच्या वॉशरसाठी सहा दिवस! वर मालक ग्राहकावर ओरडतो. घरी आणल्यावरही गाडीत डिझेलचा वास आहेच.’ तुम्हाला त्रास झाला, रिक्षाने फिरावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बॉनेट उघडायच्या आधीच ‘संध्याकाळी या’ म्हणालो, ती चूक माझीच. त्यावर काही सांगायचं नाही.

पण ‘साधा वॉशर’ हे काही माझ्याच्याने गिळवत नाही.

वॉशर साधाच असतो, कबूल. बोटाच्या पेराएवढी तांब्याची चकती. पण नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, बुडाशी बसून सिलिंडरमधला सगळा दाब तीच अडवते. ती गळायला लागली की सिलिंडरमध्ये दाब चढेल त्या प्रत्येक वेळी थोडा जळका वायू नोझलच्या बाजूने वर येतो आणि गाडी चक-चक-चक आवाज करते. तो आवाज दिवाळीच्या आधीपासून येतोय, असं तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत. म्हणजे झाले सात-आठ महिने. तेवढ्या काळात वायूबरोबर आलेली काजळी नोझलभोवती साचते, तापते, घट्ट होते आणि शेवटी तिचं डांबर होतं. तुमच्या गाडीचं कव्हर काढलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरची नोझल दिसतच नव्हती. काळाकुळकुळीत चकचकीत गोळा, त्यातून रिटर्न पाइपाचं, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीचं, टोक तेवढं बाहेर आलेलं. त्याचा फोटो तुम्हाला पाठवला होता. तुम्ही अंगठा पाठवलात.

अशी नोझल ओढून निघत नाही. जोर केला तर ती मध्येच तुटते, मग हेड, म्हणजे सिलिंडर वरून बंद करणारा इंजिनाचा भाग, उतरवावं लागतं आणि एका नोझलचं काम अख्ख्या इंजिनावर जातं. चौदा वर्षांची, सव्वादोन लाख किलोमीटर पळालेली गाडी आहे. तिचं हेड उगाच उतरवायचं पाप मला नको होतं. म्हणून सोमवारी डांबर खरवडून तेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. मंगळवारी इंजिन गरम करून पहिली, दुसरी, चौथी काढली. तिसरी हलेना. पाना लावून केसभर इकडे, केसभर तिकडे, पुन्हा तेल, पुन्हा रात्र. बुधवारी दुपारी स्लाइड हॅमरने ती वर आली. आमच्या हाताखालच्या पोराने त्या दिवशी डबासुद्धा साडेतीनला उघडला.

आणि आता ज्यासाठी हे एवढं लिहितोय ते. तिसऱ्या नोझलखाली दोन वॉशर निघाले. एक नोझलबरोबर वर आला. दुसरा खाली सीटलाच, म्हणजे नोझल टेकते त्या जागेलाच, चिकटून बसलेला, पार काळा, हुक घालून काढावा लागला. म्हणजे आधी कुणीतरी ही नोझल काढली होती, जुना वॉशर आतच राहिला आणि त्याच्यावर नवा ठेवून बोल्ट आवळला. दोन चकत्या एकावर एक कधी नीट बसत नाहीत, गळणारच. शिवाय नोझल एका वॉशरच्या जाडीइतकी वर राहते, फवारा पडायचा तिथे पडत नाही, म्हणून तो काळा धूर. ‘गाडी आजवर कुठेच उघडलेली नाही,’ असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. सर्व्हिसिंगला दिली असताना कुणी काय केलं ते मालकाला कळतच असं नाही. पण दुसऱ्याच्या हातचं निस्तरताना गेलेले दोन दिवस माझ्या नावावर लिहिले गेले, ते लागलं.

सीटवर वायूने चरे पाडले होते. अशा सीटवर नवा वॉशर ठेवला असता तर महिन्याभरात तुम्ही परत दारात. म्हणून कटरला ग्रीस लावून हाताने हळूहळू सीट साफ केली. ग्रीस यासाठी की तांब्या-लोखंडाचा कीस सिलिंडरमध्ये पडू नये. वॉशर चारही नवे टाकले आणि नोझल दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्टही नवे, कारण ते एकदा ताणले की पुन्हा तितके धरत नाहीत. बिलात बोल्ट दिसले म्हणून तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर हे आहे. काउंटरवर तेव्हा गर्दी होती, नीट सांगता आलं नाही.

राहिले गुरुवार आणि शुक्रवार. चारही नोझल बेंचवर तपासायला पाठवल्या, कारण ते मशीन माझ्याकडे नाही. तीन पास झाल्या. तिसरीचं डिझेल रिटर्नला भसाभस परत जात होतं. सकाळी गाडी पाच-सहा सेल्फ घ्यायची ना, ते त्यामुळेच. रिटर्नला एवढं गेलं की रेलमध्ये, म्हणजे चारही नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, दाब तयारच होत नाही. ही नोझल दुरुस्त करायची की नवी टाकायची, हे विचारायला गुरुवारी दुपारी फोन केला. ‘घरी विचारून सांगतो,’ म्हणालात. उत्तर आलं शुक्रवारी चार वाजता. हा दिवस रिव्ह्यूमध्ये कुठेच नाही. असो.

आता ओरडण्याबद्दल. हो, ओरडलो. शनिवारी सकाळी तुम्ही आलात तेव्हा प्रेशर पाइपांचे नट नुसते हाताने लावलेले होते, पाना लागायचा होता. पोरगा इंजिनवर वाकलेला. तुम्ही डॅशबोर्डमधली कागदपत्रं घ्यायला म्हणून बसलात आणि ‘चालू होते का बघू’ म्हणून किल्ली फिरवलीत. डिझेल उडालं ते त्याच्या बाहीवर. नट सैल होते म्हणून नुसतं उडालं. टायरमध्ये हवा असते दोन-अडीच बार. या रेलमध्ये गाडी पळताना दाब 1600 बारपर्यंत जातो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आरपार आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आतून हात सडायला लागतो, ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून गळती कुठे आहे हे आम्ही कधी हाताने चाचपत नाही, पुठ्ठा धरून बघतो. त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते तुमच्या वयाला शोभणारं नव्हतं, त्याची माफी मागतो. किल्ली गाडीला ठेवली ही चूकही आमचीच. पण पोरगा एकोणीस वर्षांचा आहे साहेब, त्याच्या आईला काय सांगितलं असतं?

वासाचं म्हणाल तर तक्रार बरोबर आहे. मी आधी सांगायला हवं होतं. इतके महिने झिरपलेलं डिझेल कव्हरखालच्या फोममध्ये मुरलेलं असतं, ते उडून जायला थोडे दिवस लागतात. आठवड्याने कमी झाला नाही तर मात्र घेऊन या. वॉशर आणि रिटर्नची सील पुन्हा तपासून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. सकाळी गार इंजिनवर आणा, म्हणजे सेल्फही बघता येईल. एक तेवढं करा, ऑइलची कांडी बघत राहा. पातळी खुणेच्या वर चढताना दिसली तर गाडी चालवू नका, फोन करा, कारण डिझेल ऑइलमध्ये उतरलं तर बेअरिंगं जातात.

यापुढे वेळ सांगताना जपून सांगू, फोनबद्दलही काहीतरी व्यवस्था बघतोय. किल्ल्यांसाठी खिळे ठोकून झाले.

तारे वाढवा असं म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त ‘साधा वॉशर’ हे दोन शब्द जमलं तर काढा. दोन जणांनी ते वाचून मला काउंटरवर हसत विचारलं, ‘वॉशर बदलायला किती दिवस लागतील हो?’ तुमच्या गाडीतून निघालेले ते दोन्ही वॉशर ग्रीसच्या डब्याच्या झाकणात ठेवलेत. याल तेव्हा दाखवतो.