हार्ट अटॅकच्या वेळी वाढलेली साखर: एक खुलासा

हार्ट अटॅकच्या वेळी दिसणारी साखर केवळ ताणाची असते, ती आपोआप उतरते, म्हणून घरी आल्यावर तपासणी नको आणि गोळ्याही नकोत, असा संदेश इंदूरच्या मराठी कुटुंबांमध्ये फिरत आहे. त्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे, म्हणूनच तो चटकन पटतो. झटक्याच्या वेळी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, यकृत जादा साखर रक्तात सोडते आणि मधुमेह नसलेल्याचीही साखर काही काळ चढू शकते.

मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आणि घातक आहे. हार्ट अटॅक आलेल्या, पण मधुमेह असल्याचे आधी ठाऊक नसलेल्या रुग्णांचा स्वीडनमधील अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत, तीन महिन्यांनंतरही, सुमारे २५ टक्के रुग्णांना मधुमेह आणि ४० टक्क्यांना मधुमेहपूर्व अवस्था आढळली.

डिस्चार्ज कार्डावर ‘आरबीएस’पुढे (कोणत्याही वेळी मोजलेली रक्तातील साखर) लिहिलेला आकडा त्या क्षणापुरता असतो, तर एचबीए१सी ही रक्ततपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, ती ६.५ टक्के किंवा अधिक असेल, तर मधुमेह बहुधा आधीपासूनच होता. रक्तक्षय असल्यास किंवा रक्त चढवले असल्यास हा आकडा फसवू शकतो, तेव्हा डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. पोह्यांबरोबरची जिलेबी सोडली की पुरे, हेही खरे नाही. सुरू केलेली गोळी किंवा इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया थांबवू नये.