पोराच्या हातात कानस किती तास होती?

गेल्या आठवड्यात आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये (साचे, हत्यारं बनवायच्या विभागात) दोन ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, आले. दोघेही सरकारी आयटीआयचे फिटर, मार्कही जवळपास सारखे. दोघांना एमएसचा (साध्या पोलादाचा) एकेक तुकडा दिला आणि म्हटलं, दोन बाजू काटकोनात आणा. पहिल्याने पाय नीट रोवले, मापात कानस (धातू घासायची फाइल) मारली, जॉब म्हणजे तो तुकडा शिकंजातून काढला आणि ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून खिडकीकडे धरला. फटीतून उजेड येतोय का ते बघत होता. कानस फक्त पुढे नेताना दाबायची असते, दुसरा मागे घेतानाही दाबत होता. जॉबच्या कडा गोल झाल्या. विचारलं, आयटीआयत किती जॉब केलेस? खाली बघत म्हणाला, "सर, आमच्यात चौघांत एक जॉब असायचा."

त्या पोराचा मला जराही राग आला नाही. मी स्वतः आयटीआयचाच आहे. दुसऱ्या वर्षी आमचे निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, बदलून गेले आणि कित्येक महिने टर्नरचे (लेथ मशीन शिकवणारे) सर दोन्ही बॅच सांभाळत होते. बिचारे कुठे कुठे बघणार?

फिटरचा अभ्यासक्रम देशभर एकच आहे. त्यात ±0.04 मिमीपर्यंतचे फिटिंग जॉब लिहिलेत. पण वीस पोरांना पुरेल एवढी लोखंडी पट्टी आणि हॅक्सॉ (धातू कापायच्या करवतीची) ब्लेड वेळेवर आली नाहीत, तर तो अभ्यासक्रम कागदावरच राहतो. वेल्डरचं तर विचारूच नका. रॉड जळल्याशिवाय वेल्डिंग येत नाही, आणि रॉडला पैसे लागतात. नवी मशीन आली की उद्घाटनाचे फोटो निघतात, कच्च्या मालाचे कोण काढणार?

निदेशक तासिका तत्त्वावरचे असले, की पुढच्या वर्षी मी इथे असेन का, हीच काळजी त्यांच्या डोक्यात. तरीही जीव तोडून शिकवणारे मी पाहिलेत. त्यात खेड्यातली पोरं एसटीवर अवलंबून. गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धं टाकून निघतात. थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायचे. प्रश्नसंच पाठ केले की पोरगं पास होतं, पण हात कोराच राहतो.

आणि आम्ही कारखानेवाले? ॲप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, तरी आजही कितीतरी ठिकाणी ॲप्रेंटिसला वर्षभर माल उचलायला लावतात. आयटीआयत राहिलेलं इथे भरून निघू शकतं, पण त्यासाठी कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं.

त्या दुसऱ्या पोराला आता रोज सकाळी एक तास फक्त फाइलिंग देतो. कटिंगचे चांगले तुकडे आमच्याकडे भंगारात जायचे. मालकांशी बोललो, ते दर महिन्याला जवळच्या आयटीआयला द्यायचं ठरलंय. ज्यांच्या कंपनीत असे तुकडे निघतात त्यांनी कृपया मला मेसेज करा. टेम्पोची सोय मी बघतो.