चिलर बिघडलेला नाही, कपाटात कोंडलेला आहे

नमस्कार,

तुम्ही रिव्ह्यूमध्ये एक तारा देऊन लिहिलंय की समुद्री माशांच्या टाकीचं पाणी थंड ठेवायला आमच्याकडून घेतलेला चिलर दिवसभर घरघरतो तरी पाणी ३० अंशांच्या खाली येत नाही, कोरल पांढरे पडले, आणि दुकानातून नुसतं 'पंखा लावा' सांगून वाटेला लावलं. कोरल असे गेलेले पाहून कुणाचाही संताप होईल. पण 'निकृष्ट माल गळ्यात मारला' हे मान्य नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच टाकलेल्या फोटोत दिसतंय.

चिलर टाकीखालच्या कपाटात आहे, पाठ फळीला टेकलेली, दार लावलेलं. पाण्यातली उष्णता उपसून जाळीतून बाहेर हवेत टाकणं, एवढंच चिलरचं काम. त्यात कंप्रेसरची स्वतःची उष्णताही असते. ही गरम हवा कपाटातच राहिली की चिलर तीच पुन्हा आत ओढतो, आणि शेजारच्या संपमधल्या, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीतल्या, पाण्यालाही तिची धग लागते. एका हाताने काढायचं, दुसऱ्या हाताने परत द्यायचं. या जागी दुप्पट ताकदीचा चिलर बसवलात तरी रडगाणं हेच राहील. तो कपाटाबाहेर घ्या, भोवती वीतभर जागा सोडा, जाळीवरची धूळ ब्रशने झाडा. पाईप लांबवावे लागतील. तेव्हा पाण्याचा प्रवाह माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत राहतोय ना, तेवढं बघा.

पंख्याचा सल्ला टाळाटाळ म्हणून दिला नव्हता. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा फिरला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात, हवा दमट असली तर कमी. मात्र उडतं ते पाणी. मीठ टाकीतच राहतं. तुम्ही लिहिलंय की घटलेली पातळी रोज मिठाचं पाणी घालून भरता. खरं सांगायचं तर तापमानापेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली. वरून घालायचं ते साधं आरओचं पाणी. आजच क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, मोजा; विशिष्ट गुरुत्वाचा आकडा १.०२५ च्या बराच वर गेला असेल तर एका दिवसात खाली आणू नका, हळूहळू उतरवा.

आणि टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडता, ते कृपया थांबवा. दुपारी तासाभरात पाच अंश खाली, रात्री पुन्हा वर, असे हेलकावे माशांना सोसत नाहीत. क्लाउनफिशवर आलेले पांढरे ठिपके त्या ताणानंतरचेच असावेत. नेटवर २५ आणि आम्ही २६ सांगतो, यावरून तुम्ही आम्हाला अडाणी ठरवलंत, हरकत नाही. २४ ते २७ मधला कुठलाही आकडा चालतो, फक्त दिवसभरात तो एखाद्या अंशापेक्षा जास्त हलता कामा नये. तोवर पावरहेडचं (टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड पृष्ठभागाकडे वळवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

पांढरे कोरल लगेच काढून टाकू नका. आतलं शेवाळ गेलं की रंग जातो, पण मांस शाबूत असेल तर जीव असतो. लाइट थोडा कमी करा आणि वाट बघा.

चिलर हलवल्यावर दोन दिवस काचेच्या साध्या थर्मामीटरने नोंद ठेवा, डिस्प्लेवर विसंबू नका. तरीही पाणी २७ च्या वरच राहिलं तर चिलर दुकानात आणा, आमच्या टाकीवर तुमच्यासमोर चालवू. तिथेही पाणी थंड झालं नाही, तर वॉरंटीत बदलून देऊ.