सतरंजी, चेकबुक आणि वकिलात

आपल्याकडे सरकार आलं की कार्यकर्ता महामंडळाची वाट बघत बसतो. तेही नाही जमलं तर एखादी देवस्थान समिती. अमेरिकेत त्या जागी वकिलात मिळते.

दिल्लीतलेच राजदूत बघा. सर्जियो गोर यांनी ट्रम्प यांच्या निवडणुकीसाठी पैसा उभारणारा गट चालवला, मग व्हाइट हाउसमध्ये नेमणुकांचं खातं सांभाळलं आणि 2025 मध्ये थेट भारताचं राजदूतपद. आधीचे एरिक गार्सेटी बायडन यांच्या प्रचाराचे सहअध्यक्ष. त्यांचं नाव जुलै 2021 मध्ये आलं आणि सिनेटनं मार्च 2023 मध्ये 52 विरुद्ध 42 मतांनी मान्य केलं. तोवर दोन वर्षांहून जास्त काळ दिल्लीत अमेरिकेचा कायम राजदूतच नव्हता!

तरी मी या वाटेच्या विरोधात नाही. केनेडींनी दिल्लीला राजदूत म्हणून पाठवलेले अर्थतज्ज्ञ गालब्रेथही याच वाटेनं आले. त्यांच्या प्रचारात सल्ला द्यायचा, भाषणांना हात लावायचा, अशी कामं केलेला माणूस. 1962 च्या ऑक्टोबरात चीननं हल्ला केला तेव्हा वॉशिंग्टन क्यूबाच्या पेचात अडकलेलं, आणि इथे दिल्लीत बरंचसं गालब्रेथच निभावत होते. भारत-चीन सीमेवरच्या मॅकमोहन रेषेला अमेरिकेची मान्यता आहे हे त्यांनीच जाहीर केलं. परराष्ट्र खात्याला वळसा घालून अध्यक्षांना थेट पत्र लिहिण्याची मुभा किती करिअर अधिकाऱ्यांना असते?

माझा राग चेकबुकवर आहे. निक्सन यांची 1971 ची टेप आहे: ज्याला राजदूत व्हायचंय त्यानं किमान अडीच लाख डॉलर द्यावेत. पुढे 1980 च्या कायद्यात लिहिलं की निवडणुकीला दिलेली देणगी हा नेमणुकीचा निकष असू नये. लिहिलं, झालं. 2014 मध्ये जॉर्ज त्सुनिस नावाचे हॉटेलवाले नॉर्वेसाठी सिनेटसमोर बसले. ओबामांसाठी त्यांनी भरपूर निधी गोळा केला होता. नॉर्वेला कधी गेलेले नव्हते. बोलता बोलता त्यांनी नॉर्वेच्या ‘राष्ट्राध्यक्षां’चा उल्लेख केला, आणि सत्तेत सामील असलेल्या पक्षाला किरकोळ टोळकं ठरवलं. नॉर्वेत राजा आहे हो! अखेर नाव मागे घ्यावं लागलं. (2022 मध्ये तेच गृहस्थ ग्रीसला राजदूत झाले. घराणं मूळचं ग्रीक, त्यामुळे इथे निदान राजाची भानगड नव्हती.)

आणि दारोदार फिरून मतदार याद्या तपासणारी, फोन लावून लावून घसा बसलेली पोरं? त्यांना फार तर परराष्ट्र खात्यात एखाद्या साहेबाच्या हाताखाली टेबल मिळतं, तेही सरकार असेपर्यंत. कायमची नोकरी हवी तर 20 ते 59 वयातल्या कुणाही नागरिकासारखं निवडप्रक्रियेतून जायचं. अनोळखी दारात उभं राहून शिव्या ऐकून घेणं आणि तरी नीट बोलणं ज्याला जमलं, त्याचा मुत्सद्देगिरीचा अर्धा अभ्यास तिथेच झालेला असतो. पण सतरंज्या उचलणाऱ्याला खुर्ची तिकडेही मिळत नाही.

आमच्या वॉर्डातला एक मित्र वीस वर्षं बूथ सांभाळतोय. काल चहाच्या टपरीवर त्याला हा त्सुनिसचा किस्सा रंगवून सांगितला. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘नॉर्वेत राजा आहे हे तुला तरी कालपर्यंत माहीत होतं का रे?’’

चहाचे पैसे मीच दिले.