पेटर, पीटर आणि एका वाचकाचा राग

इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातलं योव्हिल गाव आणि तिथली इंजिनं बनवणारी पेटर कंपनी यांच्यावरच्या मागच्या लेखाखाली एक खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेटरच्या गाडीला 'ब्रिटनची पहिली मोटार' म्हणणारं शीर्षक म्हणजे शुद्ध थाप. योव्हिलचा फुटबॉल क्लब म्हणजे पेटर मालकांनी कामगारांच्या हाती दिलेला खुळखुळा, त्याच्या आरत्या कशाला ओवाळायच्या? आणि आम्हा मराठी वाचकांना योव्हिलशी काय घेणंदेणं?

शीर्षकाबद्दल कान पकडतो. एका वाक्यात 'पहिली' लिहिलं की लेख जास्त वाचला जातो, हा मोह झाला. लंडनजवळ वॉल्थमस्टोला फ्रेडरिक ब्रेमरची गाडी पेटरच्या आधीची मानली जाते. फार्नहॅमच्या जॉन हेन्री नाइटनेही 1895 मध्येच आपली गाडी रस्त्यावर आणली आणि त्या ऑक्टोबरात परवान्याशिवाय चालवल्याबद्दल दंड भरला. तेव्हा पेटरची 1895 ची गाडी पहिल्या काहींपैकी एक, इतकंच म्हणता येतं.

पण ती गाडी पाहा तरी. गावातल्या हिल अँड बोल या घोडागाड्या बनवणाऱ्यांची चार चाकी फीटन बग्गी, घोडा काढून टाकलेला आणि त्याच्या जागी तीन अश्वशक्तीचं तेलाचं इंजिन. जेम्स पेटर हे गावातले लोखंडी सामानाचे व्यापारी. अर्नेस्ट आणि पर्सिव्हल ही त्यांची जुळी मुलं, आणि ही सगळी उठाठेव त्यांची. त्या वेळचा कायदा काय होता? यंत्राने चालणारं वाहन गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन, आणि पुढे एक माणूस पायी चालणार. म्हणजे आपल्या लग्नाच्या वरातीचा वेग. हा जाच 1896 च्या नोव्हेंबरात संपला आणि मर्यादा ताशी चौदा मैलांवर गेली, पण पेटरचा मोटारीचा धंदा काही जमला नाही. चाललं ते इंजिन. गाडीतून उतरवून शेतात, पंपाला, चक्कीला जोडलेलं. कंपनी त्यावर मोठी झाली.

आता तुमचा तिसरा मुद्दा दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण तो इथेच अडकलेला आहे. माझ्या मामाच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचं इंजिन होतं. पेटरचं नव्हतं, देशीच. मामा डाव्या हाताने डोक्यावरचा खटका उचलून धरायचा, उजव्या हाताने हँडल मारायचा, चाकाने गती घेतली की खटका सोडायचा. एकदा 'भक्' असा काळा धूर, मग पुक-पुक-पुक, आणि थोड्या वेळाने थारोळ्यात पाणी. हँडल वेळेत निघालं नाही तर मनगट मोडायचं, म्हणून आम्हा पोरांना तिथे उभं राहायची बंदी होती. याच जातीच्या एका इंजिनाला आजही भारतातल्या बाजारात 'पीटर' म्हणतात. राजकोट, आग्रा इथले कारखानदार 'पीटर टाइप' म्हणून विकतात. कुणा पीटर नावाच्या साहेबाशी त्याचा संबंध नाही, तो आपला पेटरच, जिभेवर घासून गुळगुळीत झालेला. पंजाबात याच इंजिनावर लाकडी फळ्या ठोकून जी जुगाड गाडी करतात, तिला 'पीटर रेहडा' म्हणतात. ज्या कंपनीला मोटार विकता आली नाही, तिच्या नावाची गाडी पंजाबच्या रस्त्यावर उसाच्या मोळ्या वाहते. मला तरी हे घेणंदेणं पुरेसं वाटतं.

तुम्हाला वाटत नसेल तर आणखी एक. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, पेटरनी विमानं बनवायला घेतली. त्या विभागाचं नाव वेस्टलँड. भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी 1 एप्रिल 1933 रोजी कराचीत उभी राहिली ती चार वेस्टलँड वापिटी विमानांवर. त्यानंतर दोनच दिवसांनी पूर्णियाहून उडालेली वेस्टलँडचीच दोन विमानं एव्हरेस्टच्या माथ्यावरून पहिल्यांदा गेली. आणि 1965 च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडून 'सेबर स्लेयर' म्हणून गाजलेलं आपलं नॅट हे लढाऊ विमान? त्याचा आराखडा टेडी पेटर यांचा. ते अर्नेस्टचे चिरंजीव. घोडा काढलेल्या फीटनपासून नॅटपर्यंत फक्त दोन पिढ्या.

आता फुटबॉल. इथे मात्र मी मागे हटत नाही.

कंपनीचा संघ म्हणजे जाहिरात, हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपण मुंबईत कंपन्यांच्या क्रिकेटची टाइम्स शील्ड पाहिलेली माणसं. निर्लॉन, मफतलाल, एसीसी, टाटा. नोकरी कचेरीत, पण खरी हजेरी मैदानावर. त्यात कंपनीचा स्वार्थ होता, आणि खेळाडूच्या घरची चूलही त्यावरच पेटत होती. दोन्ही एकदम. पण खेळाडू आणि कंपनी यांची गाठ सुटली की संघाचं काय होतं, हा खरा प्रश्न. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. भारतातला एक उत्तम फुटबॉल संघ, एका निर्णयात संपला. तो कुठल्या गावाचा नव्हता, म्हणून मागे रडायलाही गाव नव्हतं.

योव्हिलला उलटं घडलं. गावाचा क्लब 1895 पासूनचा. पेटरच्या कामगारांचा संघ वेगळा, पेटर्स युनायटेड. 1914 मध्ये दोघांचं लग्न लागलं आणि नाव झालं योव्हिल अँड पेटर्स युनायटेड. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इंजिनांचं काम योव्हिलमधून हललं, लाफबरोला गेलं. क्लब राहिला. पेटरचं आडनाव पुसलं गेलं ते 1946 मध्ये: योव्हिल टाउन.

आणि तीनच वर्षांनी, 29 जानेवारी 1949 ला, एफए कप या इंग्लंडमधल्या लहानमोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेत याच क्लबसमोर आला सगळ्यात वरच्या, पहिल्या विभागातला श्रीमंत संडरलंड. योव्हिलचं मैदान ह्युइश एका बाजूच्या रेषेकडून दुसऱ्या बाजूला उतरतं होतं. उताराकडे मारलेला चेंडू आपल्या मनाने धावायचा. प्रेक्षक सुमारे 17 हजार. पहिला गोल अ‍ॅलेक स्टॉक यांचा, म्हणजे खेळाडूही तेच आणि मॅनेजरही तेच. संडरलंडने बरोबरी केली. जादा वेळ, धुकं दाटत चाललेलं, आणि एरिक ब्रायंटचा गोल. 2-1. पुढच्या फेरीत मँचेस्टर युनायटेडने आठ गोल चढवले, तेव्हा फार हुरळून जायची गरज नाही. पण 1949 चा तो विजय मालकांच्या खात्यावर कसा टाकणार? मालक तर तोवर चित्रातच नव्हते.

खुळखुळा असेलही. पण देणारा निघून गेल्यावर लोकांनी तो फेकला नाही, त्यावरचं नाव खरवडून आपलं घातलं. माझ्या लेखात कौतुक होतं ते या खरवडण्याचं. ते नीट उतरलं नसेल तर दोष माझा.

शीर्षक आजच बदललं आहे. जुनं मात्र पुसलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून ठेवलं आहे, नाहीतर तुम्ही नेमके कशावर चिडला होतात ते पुढच्या वाचकाला कळायचं नाही.